कॅमेऱ्याला अंतर कसे कळते?

छायाचित्र रेखीव यायचे तर वस्तूच्या अंतरानुसार भिंग पुढेमागे सरकवावे लागते. शतकाहून अधिक काळ हे काम छायाचित्रकाराची नजर आणि बोटे करीत होती. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने सी-३५ एएफ हा कॅमेरा बाजारात आणला आणि ते यंत्राकडे गेले.

पाठोपाठ १९७८ साली पोलरॉइडने वटवाघळाची युक्ती वापरली. कॅमेऱ्यातून श्राव्यातीत ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी परतण्यास लागणारा वेळ मोजायचा. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर १.७ मीटरवरील वस्तूचा प्रतिध्वनी एक शतांश सेकंदात परत येतो. मात्र बंद खिडकीतून बाहेरचे दृश्य टिपताना ध्वनी काचेवरूनच परते आणि चित्र पुसट येई.

व्हिडिओ कॅमेऱ्यांत वेगळी पद्धत रुळली. भिंग सरकवत प्रतिमेतील उजेड-काळोखाचा फरक तपासायचा आणि तो सर्वाधिक होईल तेथे थांबायचे. कोऱ्या भिंतीपुढे ही पद्धत चाचपडते, कारण तेथे फरकच नसतो. पारदर्शक परीक्षानळीमागे छापील तक्ता असेल, तर कॅमेरा तक्त्यावरच स्थिरावण्याचा संभव असतो.

आजचे कॅमेरे चेहरे आणि डोळेही ओळखतात. पण नळीत नुकताच दिसू लागलेला साका आपल्याला दाखवायचा आहे, हे त्यांना कसे कळावे? म्हणून प्रयोगाचे चित्रण करताना आपण स्वयंचलित फोकस बंद करावा आणि नळीची कड रेखीव दिसेपर्यंत तो हाताने जुळवावा.