वेस्टमिन्स्टर हॉलचें छप्पर : गणित आणि पुरावा

लंडन येथील वेस्टमिन्स्टर हॉल विल्यम रूफस राजानें इ. स. १०९७ ते १०९९ च्या दरम्यान बांधविला. आजचें छप्पर मात्र त्याच्या वेळचें नव्हे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आज्ञेनें त्याचा मुख्य सुतार ह्यू हर्लंड यानें इ. स. १३९३ च्या सुमारास तें हातीं घेतलें. हॉलची रुंदी सुमारें ६८ फूट असून मध्यें एकहि खांब नाहीं. सर्व काम ओक लाकडाचें आहे. इ. स. १८३४ च्या आगींतून तें वांचलें. १९४१ च्या बाँबहल्ल्यांत त्याला आग लागली, तरी तें टिकलें.

एवढा भार कोणत्या वाटेनें भिंतींत उतरतो, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. कोणी मोठ्या लांकडी कमानीला प्राधान्य देतात. कोणी भिंतींतून पुढें आलेल्या आखूड तुळया व त्यांवरील खांब यांना. हा वाद निव्वळ पांडित्याचा नव्हे. तुळया किड्यानें आंतून पोखरल्याचें फ्रँक बेन्स यांनीं १९१४ च्या अहवालांत दाखविलें, व १९२३ पर्यंत छपरांत पोलादी आधार घालण्यांत आले. भार कोण उचलतो हें समजल्यावांचून आधार कोठें द्यावा हें कसें ठरावें?

१९८७ सालीं कोर्टने व मार्क यांनीं या छपराचा इतिहास व बलविचार एकत्र मांडला. १९९५ सालीं मॉरिस, ब्लॅक व टोब्रिनर यांनीं संगणकावरील फायनाइट एलिमेंट पद्धति त्याला लावून पाहिली. या पद्धतींत प्रत्येक लांकूड लहान घटकांत विभागलेलें कल्पितात. त्याची लांबी, छेद व लवचिकपणा सांगतात. भार व टेकणें नेमून देतात. मग यंत्र सर्व समीकरणें एकदम सोडवितें.

येथेंच आम्हांस सावधगिरीची गरज वाटते. सांधा बिजागरीप्रमाणें फिरतो कीं घट्ट आहे, भिंत किंचित् बाहेर सरकते कीं नाहीं, खालचें दगडी टेकण भार घेतें कीं नाहीं, हें यंत्र सांगत नाहीं. तें आपणच त्यास सांगावें लागतें. आराखडा तोच राहूनहि या गृहीतांबरोबर उत्तर पालटतें. खोबणींत कुसू बसवून लांकडी खुंटी ठोकलेला सांधा दाब चांगला सोसतो, ताण मात्र थोडाच. शिवाय सतत भाराखालीं लांकूड वर्षानुवर्षें वांकत जातें. कागदावरची सरळ रेघ व सहाशें वर्षांची तुळई या एक नव्हेत.

पोथ्यांच्या संग्राहकांस हें नवें नाहीं. नकलाकाराचें अक्षर कितीहि सुबक असलें तरी मूळ प्रत कोणती, हें विचारल्याशिवाय पाठ ग्राह्य धरीत नाहींत. छपरांतील पोलाद हेंहि एक प्रकारें प्रक्षिप्तच होय. तें वेगळें न काढतां केलेलें गणित आजच्या छपराचें होईल, हर्लंडच्या छपराचें नव्हे.

म्हणून आमचें मत असें कीं, आंकड्यांबरोबर गृहीतेंहि छापलीं जावींत, आणि प्रत्येक सांधा प्रथम डोळ्यांनीं पाहिला जावा. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळयांचीं मापें घेणाऱ्यांनींहि छेदाबरोबर सांध्याचें चित्र, वांक व मागील दुरुस्ती यांची नोंद ठेवावी. तुळई एकदां काढून टाकली म्हणजे तो पुरावा नाहींसा होतो. गणित मात्र मागाहून केव्हांहि करतां येतें.