घरपट्टीच्या वह्या आणि नाशिकची घरे

नाशिकच्या जुन्या वस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास मंदिरे, घाट आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही साधने चटकन आठवतात. परंतु एखादा वाडा कोणाच्या ताब्यात होता, त्याच्या वाटण्या कधी झाल्या, त्यात भाडेकरू कधी आले आणि त्यावरची कौले जाऊन पत्रे कधी चढले, या प्रश्नांची सलग उत्तरे घरपट्टीच्या कागदांत मिळण्याचा संभव सर्वाधिक असतो. आणि नेमके हेच कागद अभ्यासकांऐवजी वकील व वारसदार यांच्याच हाती पडतात, ही खेदाची बाब आहे. हे कागद वाचताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. कराची नोंद मालकी ठरविण्यासाठी नव्हे, तर वसुलीसाठी केलेली असते. घर खरोखर कोणाचे, यापेक्षा पैसे कोणाकडून वसूल होतील हा प्रश्न ती लिहिणाऱ्या कारकुनापुढे असतो, आणि म्हणूनच घरपट्टीच्या उताऱ्यावरील नाव हा मालकीहक्काचा निर्णायक पुरावा मानला जात नाही; ताबा आणि वहिवाट दाखविण्यापुरते त्याचे मोल असते.

मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणून ओळखले जाणारे हे शहर अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांच्या अमलाखाली आले. त्या काळी जमीनमहसुलाखेरीज अनेक पट्ट्या घेतल्या जात. घरावरील ती घरपट्टी, तर दुकानदार आणि कारागीर यांच्या धंद्यावरील तो मोहतर्फा. या वसुलीचे हिशेब मोडी लिपीत असून पेशवाईचे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहे. मोडी वाचता येऊनही नवख्याची अडचण होते ती सनाची आणि आकड्यांची. वर्ष बहुधा सुहूर सनात आणि अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेले असते, तेही एककापासून आरंभ करून: ‘तिसा सितैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, साठ, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर सन ११६९, म्हणजेच इ.स. १७६८-६९. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून एका सुहूर सनात इसवी सनाची दोन वर्षे येतात. रकमेतील उभ्या रेघा रुपयाचे पाव भाग दाखवितात आणि आडव्या रेघा आणे; त्यामुळे ५॥= असे लिहिलेले दिसले की ते पाच रुपये दहा आणे असे वाचावयाचे. ही पद्धत ठाऊक नसेल, तर लिपी येत असूनही हिशेब चुकतो.

मराठेशाहीतील करांच्या कागदांत जी घरे आढळत नाहीत तीही अभ्यासकाला बरेच सांगतात. ब्राह्मण, वतनदार आणि देवस्थाने यांना अनेक ठिकाणी पट्ट्यांची माफी असे, आणि ज्या शहराची वस्ती तीर्थविधींभोवती वाढली, तेथे माफीची घरे थोडी असण्याचे कारण नाही. अशा घरांचा माग लावण्यासाठी इनाम, वर्षासन आणि देवस्थान यांचे कागद पाहावे लागतात. केवळ कराची यादी घेऊन जुन्या नाशिकचा नकाशा मांडू गेल्यास तांबट, सराफ, विणकर अशा उदमी व कारागीर लोकांचे शहर दिसेल आणि उपाध्यायांचे शहर नजरेआड होईल.

१८१८ साली इंग्रजी अंमल सुरू झाल्यावरही जुन्या पट्ट्या काही वर्षे चालू राहिल्या. पुढे १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकाती, मोहतर्फा आणि धंद्यांवरील इतर पट्ट्या रद्द झाल्या, आणि नाशिक नगरपालिका स्थापन झाली ती १८६४ साली. मधली वीस वर्षे शोध घेणाऱ्यास अवघड जातात, कारण जुना हिशेब संपलेला असतो आणि नवा सुरू झालेला नसतो. त्या काळासाठी खरेदीखते, गहाणखते आणि दिवाणी दाव्यांचे कागद यांवरच भिस्त ठेवावी लागते. नगरपालिकेच्या घरपट्टीचे तत्त्वही वेगळे होते. पूर्वीची पट्टी सरकारजमा होत असे, तर ही रस्ते, दिवे, गटारे आणि साफसफाई यांसाठी त्याच शहरात खर्च व्हावयाची होती. १८७३, १८८४, १९०१ आणि १९२५ या वर्षांच्या कायद्यांनी नगरपालिकांचा कारभार क्रमाक्रमाने बांधला गेला, तसतशी नोंदवह्यांची रीतही ठरत गेली.

या वह्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत करणे महागात पडते. करआकारणी नोंदवहीत घर क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे म्हणजे प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याचे नाव, मिळकतीचे वर्णन आणि करयोग्य मूल्य लिहिले जाते. मागणी नोंदवहीत थकबाकी, चालू मागणी, वसुली आणि शिल्लक यांचा वर्षावर्षाचा हिशेब असतो. पहिली वही घराविषयी सांगते, दुसरी घरातील माणसांच्या आर्थिक स्थितीविषयी. वर्णनाचा रकाना तर बारकाईने वाचण्याजोगा असतो: दुमजली, कौलारू, पुढे ओटा, मध्ये चौक, मागे परसू, आड, शेतखाना अशी टिपणे एकामागून एक आलेल्या आकारण्यांत ताडून पाहिली, की चौकावर छप्पर कधी आले, ओट्याचे दुकान कधी झाले आणि माडीवर स्वतंत्र बिऱ्हाड कधी थाटले गेले, हे उमगते.

मालकाच्या रकान्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. मिळकत हस्तांतरित झाल्यास तीन महिन्यांत आणि मालक मृत्यू पावल्यास वारसाने एका वर्षात कळवावे, असे सध्याच्या महानगरपालिका अधिनियमाचे बंधन आहे. परंतु एकत्र कुटुंबात पणजोबांच्या नावावर पट्टी भरत राहण्याची रीत इतकी रूढ आहे, की नाव बदलल्याची तारीख ही मृत्यूची किंवा विक्रीची तारीख समजणे धोक्याचे ठरते. पुष्कळदा ती भावाभावांतील वाद प्रथम उघड झाल्याची तारीख असते.

करयोग्य मूल्य ही संज्ञाही उलगडली पाहिजे. घर वर्षाकाठी वाजवीपणे जितक्या भाड्याने जाईल, त्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून ते काढतात आणि त्यावर कराचा दर लावतात. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि प्रमाण भाड्याहून अधिक भाडेमूल्य धरता येत नाही, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतून दृढ झाला. त्यामुळे रविवार कारंजा किंवा भद्रकाली परिसरातील भाडेकरूंनी भरलेल्या वाड्याची पट्टी बाहेरच्या नव्या सदनिकेच्या पट्टीहून कमी असणे स्वाभाविक झाले. केवळ हा आकडा पाहून वाडा गरीब वस्तीतला ठरविणे चूक होय. ज्या भाड्यात दुरुस्तीही निघत नाही, त्या भाड्याचा तो आकडा आहे, आणि पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा का द्याव्या लागतात, याचे एक कारण त्यात लिहिलेले आहे.

नगरपालिकेच्या क्रमांकाशेजारी दुसरा क्रमांक येतो तो नगर भूमापनाचा, म्हणजे महसूल खात्याने केलेल्या शहरमोजणीचा. या मोजणीत चौकशी अधिकाऱ्याने हक्काविषयी घेतलेला निर्णय चौकशी नोंदवहीत, तर सध्याची स्थिती मिळकत पत्रिकेत आढळते. दोन्ही कार्यालये वेगळी, क्रमांक वेगळे आणि नोंदीचा हेतूही वेगळा असल्याने त्यांचा मेळ घालण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चतुःसीमा, अर्थात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस आणि उत्तरेस काय आहे याचे खरेदीखतातील वर्णन. घराचे क्रमांक बदलतात, परंतु गल्ली, देऊळ आणि शेजारचा वाडा सहसा बदलत नाहीत. म्हणून एका घराचा शोध घेताना शेजारच्या दोन-तीन घरांच्या नोंदीही उतरून घ्याव्यात.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची गावे एका कारभाराखाली आली. माग सर्वाधिक तुटतो तो येथे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी यांसारख्या गावांतील गावठाणाच्या घरांची त्यापूर्वीची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे करआकारणीच्या वहीत असे. सिडकोच्या घरांचा मूळ व्यवहार भाडेपट्ट्याचा, म्हणून त्यांचे पहिले कागद सिडकोकडे. आणि देवळाली कॅन्टोन्मेंट तर महानगरपालिकेबाहेरच राहिल्याने तेथील जागांसाठी जनरल लँड रजिस्टर पाहावे लागते. आज देयकावर छापलेला इंडेक्स क्रमांक या सर्व जुन्या क्रमांकांच्या जागी आलेला आहे, आणि जुना घर क्रमांक घरात जपलेल्या एखाद्या पावतीवरच उरलेला असू शकतो. अशी पावती रद्दीत टाकणे म्हणजे घराच्या पूर्वेतिहासाची वाट आपल्या हाताने बंद करणे होय.

खुद्द देयकही थरांनी बनलेले आहे. साधारण कर आणि पाणी व मलनिस्सारण यांचे लाभकर महानगरपालिकेचे. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर १९६२ च्या अधिनियमाखालील असून ते राज्य शासनासाठी वसूल केले जातात. वृक्ष कराचे मूळ १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात आहे. त्यामुळे दोन वेगळ्या दशकांतील एकूण रकमा नुसत्या शेजारी मांडून पट्टी किती पटींनी वाढली असे म्हणणे चुकीचे असून तुलना एकेका कराची करावी लागते.

नगरपालिकांच्या उत्पन्नात दीर्घकाळ जकातीचा वाटा मोठा राहिला. २०१३ साली नाशिकमध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि तोही २०१५ मध्ये बहुतांशी रद्द झाल्यावर घरपट्टीकडे नव्याने लक्ष वळले. २०१८ साली तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी नव्या मिळकतींच्या भाडेमूल्याचे दर वाढवून मोकळ्या जागांनाही आकारणीत आणले, तेव्हा शेतकरी आणि मिळकतधारक यांनी त्यास कडाडून विरोध केला आणि प्रश्न महासभेपर्यंत गेला. नोंदींच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्या वर्षाचे महत्त्व निराळे आहे: १ एप्रिल २०१८ च्या अलीकडील आणि पलीकडील आकारणी एका मापाने मोजता येत नाही, म्हणून इमारत केव्हा पूर्ण झाली हे आधी पाहावे लागते. जुना वाडा पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या, की वाड्याची एक नोंद बंद होऊन तिच्या जागी प्रत्येक सदनिकेचा स्वतंत्र इंडेक्स क्रमांक येतो. नव्या नोंदीच्या शेऱ्यात जुन्या वाड्याचा घर क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक असे दोन्ही उतरविले गेले, तरच त्या जागेची मागची वही पुन्हा उघडता येते.