प्राश्निकांचा व्यतिक्रम : क्रीडारंगांतील पंचांच्या दायित्वाविषयीं कांहीं जुनीं प्रमाणें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नाशिक नगरींत घडलेली एक लहानशी घटना या लेखास निमित्त झाली आहे. आमचे एक जुने विद्यार्थी रविवारीं सकाळीं हौशी मंडळींच्या बास्केटबॉल सामन्यांत पंचाचें काम करितात. या सामन्यांत बक्षीस नाममात्रच असतें. खेळणारांत कोणी कारखान्यांतील नोकर, कोणी वकील, तर कोणी महाविद्यालयांतील मुलगा. त्या दिवशीं पहाटेच्या पावसानें क्रीडांगणाचा एक कोपरा ओला राहिला होता. खेळाडू 'चालेल' म्हणाले, पंचांनीं शिटी वाजविली, आणि उत्तरार्धांत त्याच कोपऱ्यांत एका सतरा वर्षांच्या मुलाचा पाय घसरून गुडघ्यास मोठी इजा झाली. कोणी धक्का दिला नव्हता कीं कोणाचा नियमभंग झाला नव्हता. सायंकाळीं आमचे विद्यार्थी घरीं आले आणि म्हणाले, "गुरुजी, मी एकहि निर्णय चुकीचा दिला नाहीं. सगळेच खेळावयास राजी होते. मग हा दोष माझा, कीं कोणाचाच नाहीं?" आम्हीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. मत देण्यापूर्वीं प्रमाण पाहावें ही आमची जुनी संवय. पाहतां पाहतां जीं प्रमाणें हातीं लागलीं, तीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाचा विचार करूं. आज ज्यास आपण पंच म्हणतों, त्यास संस्कृत ग्रंथांत 'प्राश्निक' हा शब्द आढळतो. भरताच्या नाट्यशास्त्रांत प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करितांना प्राश्निकांचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत यज्ञ जाणणारा, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, धनुर्विद्या जाणणारा, चित्र जाणणारा अशी वांटणी असून ज्या अंगाविषयीं वाद पडेल, त्या अंगाचा जाणता निर्णय देई. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांच्या चढाओढींत परिव्राजिका कौशिकीस हेंच पद दिलें आहे. येथपर्यंत प्राश्निक म्हणजे गुणदोष निवडणारा, एवढाच अर्थ निघतो. मल्लांच्या रंगांत मात्र त्याच्याकडे आणखी एक काम येतें, व तेंच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हरिवंशाच्या विष्णुपर्वांत कंसाच्या मल्लरंगाचें वर्णन आहे. (ज्यांच्या टीकेसह आपण हा ग्रंथ वाचतों, ते नीलकंठ चतुर्धर आमच्याच गोदातीरीं खालीं असलेल्या कोपरगांवचे, ही गोष्ट नाशिककरांनीं विसरूं नये.) चाणूर हा आंध्र देशींचा प्रौढ मल्ल आणि कृष्ण हा कुमार, अशी जोड लागलेली पाहून सभेंत कुजबूज होते, आणि त्या ओघांत बाहुयुद्धाचा जुना शिरस्ता उच्चारला जातो. त्याचा सारांश असा : हें युद्ध प्राश्निकांच्या समक्ष व्हावें व त्यांत शस्त्र नसावें, वेळ जाणणारांनीं थकलेल्या मल्लाचा श्रम पाण्यानें निवारावा, अंगास शेणाची पूड लावून त्याची निगा राखावी, बाल, मध्यम, वृद्ध, कृश व बलवान यांचे वर्ग वेगळे ओळखावेत, आणि प्रतिस्पर्धी खालीं पडल्यावर जाणत्यानें त्याला पुढें कांहींहि करूं नये.

या पांच कलमांपैकीं हारजितीसंबंधीं एकहि नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. सगळीं कलमें मल्लाच्या देहाच्या रक्षणाचीं आहेत. पुढें कृष्ण चाणूरावर जो आरोप ठेवितो, तोहि या शिरस्त्यास धरूनच आहे. रणांगणांत योद्ध्याची सिद्धि शस्त्रानें होते, पण रंगांत मल्लाची सिद्धि प्रतिमल्लास पाडण्यानें होते. चाणूरानें मात्र रंगांत अनेकांचे प्राण घेऊन मल्लांचा मार्गच दूषित केला, असें तो म्हणतो. आमच्याकडील जत्रांतून पंच आधीं तोडीस तोड पाहून 'जोड लावितात', आणि मल्ल चीत झाला कीं कुस्ती सुटली असें मानतात, तें या शिरस्त्याचेंच चालू रूप म्हणतां येईल.

हरिवंशांत नियम मिळाला. तो मोडल्यास दोष कोणाचा, याचें उत्तर विष्णुपुराणाच्या पांचव्या अंशांत मिळतें. तोच प्रसंग, तीच विषम जोड. येथें प्रेक्षकांतील स्त्रिया बोलतात. नेमलेल्या प्राश्निकांचा हा मोठा व्यतिक्रम आहे, कारण बालक आणि बलवान यांचें युद्ध हे मध्यस्थ उपेक्षीत आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. यांतील तीन शब्द तोलून पाहण्याजोगे आहेत. 'नियुक्त' म्हणजे ज्यांस काम नेमून दिलें आहे ते. म्हणून त्यांचें दायित्व प्रेक्षकांहून वेगळें. 'मध्यस्थ' म्हणजे दोहोंकडे सारखे. पण त्यांचा समभाव त्यांना या दोषांतून सोडवीत नाहीं. आणि तिसरा 'उपेक्षा'. प्राश्निकांनीं चाणूराचा पक्ष घेतला असें त्या स्त्रिया म्हणत नाहींत. समोर दिसत असतां त्यांनीं पाहूं नये तसें केलें, एवढाच आरोप आहे, आणि तेवढ्यालाच 'मोठा व्यतिक्रम' म्हटलें आहे.

भागवताच्या दशमस्कंधांत हाच विचार आणखी पुढें जातो. तेथें कृष्ण स्वतःच सांगतो कीं, आम्ही बालक आहों, आम्ही समान बळाच्यांशींच खेळूं, म्हणजे मल्लसभेंतील सभासदांना अधर्म स्पर्श करणार नाहीं. अधर्म चाणूराला लागेल असें तो म्हणत नाहीं, सभासदांना लागेल असें म्हणतो! यावर चाणूर उत्तर देतो कीं, तूं बालक नव्हेस, तूं कुवलयापीड हत्ती मारिला आहेस, तेव्हां यांत अन्याय नाहीं. योग्यायोग्य ठरविणें हें प्राश्निकांचें काम. तें येथें प्रतिस्पर्धीच करीत आहे, आणि सभा गप्प आहे. पुढच्या अध्यायांत स्त्रिया पुनः बोलतात व म्हणतात कीं, सभासदांचे दोष ठाऊक असतां शहाण्यानें अशा सभेंत जाऊंच नये. तेथें न बोलणाराहि पापी आणि विपरीत बोलणाराहि पापी. हा विचार मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील न्यायसभेच्या नियमाशीं इतका जुळतो कीं, न्यायसभेचा धर्म पुराणकारानें मल्लसभेला लाविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच अध्यायांत मनु अधर्माचे चार वांटे करितो : एक करणाराचा, एक साक्षीदाराचा, एक सर्व सभासदांचा आणि एक राजाचा.

येथें कोणी म्हणेल कीं पुराण म्हणजे इतिहास नव्हे. खरें आहे. परंतु वयबळाप्रमाणें वर्ग करण्याची चाल केवळ कथेंतली नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (इ. स. च्या बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) 'मल्लविनोद' हें प्रकरण आहे. त्यांत ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे मल्लांचे वर्ग, त्यांचे निरनिराळे श्रम आणि राजानें पुरवावयाचा आहार सांगितला आहे. राजाच्या करमणुकीच्या प्रकरणांतहि मल्लाच्या पोषणाचा भार राजावरच ठेविला आहे, हें ध्यानांत घ्यावें.

आमच्या जिल्ह्यांतील एक परंपराहि येथें आठवते. कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर यांनीं ऐन तारुण्यांत, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं आव्हान घेऊन आलेल्या निजामाकडील पहिलवानांचें आव्हान स्वीकारिलें, तयारीस अवधि मागितला, सप्तशृंगीवर साधना केली आणि मग कुस्ती जिंकली, असें सांगतात. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचें श्रेय याच पुरुषास देतात. ही कथा सांगतांना आपण पठ्ठ्याची वाहवा करितों. जोड बरोबरीची होती काय, हें कोणी विचारीत नाहीं. कारण तरुण जिंकला. कृष्णाच्या कथेंतहि हेंच झालें. बाल विजयी झाला, आणि प्राश्निक आपोआप सुटले! पुराणकारानें मात्र स्त्रियांचा आक्षेप निकालापूर्वींच नोंदविला आहे. शेवट गोड झाला म्हणून उपेक्षेचा दोष जात नाहीं, हा त्यांतील भाव आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तसेंच, हरिवंशांत कृष्ण स्वतः या युद्धास राजी आहे, तरी सभेंतील आक्षेप उरतोच. खेळाडूची संमति हें पंचाचें समर्थन होऊं शकत नाहीं.

आतां बास्केटबॉलकडे वळूं. हा खेळ इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें रचिला. हिंवाळ्यांत घरांत खेळतां यावा आणि हातापायास इजा कमी व्हावी, हाच त्याचा हेतु. पुढें १९३९ सालीं नभोवाणीवर बोलतांना त्यानें सांगितलें कीं, पहिल्याच खेळांत मुलांनीं मारामारी केली, एक बेशुद्ध पडला, एकाचा खांदा निखळला, तरी मुलें पुनः खेळूं द्या म्हणून मागें लागलीं, आणि मग आपण आणखी नियम केले. सत्तेचाळीस वर्षांनंतरची ही आठवण असल्यानें तींतील क्रम तपासून घेतला पाहिजे. पण जानेवारी १८९२ मध्यें छापलेले तेरा नियम लेखी प्रमाण आहेत. त्यांत दोन पंच नेमिले आहेत. एक चेंडूचा न्याय करणारा, तर दुसरा माणसांचा न्याय करणारा. इजा करण्याचा हेतु उघड दिसल्यास खेळाडूस संपूर्ण खेळांतून काढण्याचा अधिकार या दुसऱ्याकडे दिला आहे. गुण मोजणें आणि माणूस जपणें हीं दोन कामें निरनिराळीं आहेत, हें त्या शिक्षकानें आरंभींच ओळखिलें होतें.

१९३२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या आजच्या नियमांतहि हेंच सूत्र आहे. खेळापूर्वीं साहित्य तपासून त्यास मान्यता देणें, इजा करूं शकेल अशी वस्तु वा दागिना अंगावर राहूं न देणें, रक्त वाहत असलेल्या खेळाडूस तें थांबेपर्यंत व जखम झांकेपर्यंत बाहेर ठेवणें, आणि जखमीचें रक्षण करण्यास अवश्य असेल तर खेळ तत्काळ थांबविणें, हीं पंचांचीं कामें त्यांत आहेत. मोठ्या स्पर्धांत वैद्य असतो, वयाचे गट असतात. हौशी सामन्यांत चाळिशीचा धिप्पाड गृहस्थ आणि सतरा वर्षांचा पोर एकाच कड्याखालीं उडी घेतात, आणि वैद्य नसतोच. म्हणून तेथें शिटीवाल्याचें दायित्व कमी नसून अधिकच आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं जें उत्तर दिलें, तें असें : "तुझा एकहि निर्णय चुकला नाहीं, हें खरें. पण ओला कोपरा तूं पाहिला होतास, आणि शिटी तुझ्या हातीं होती. याला आपले जुने लोक उपेक्षा म्हणत. तरी सगळा भार एकट्यानें घेऊं नकोस. मनूनें चार वांटे केले आहेत. सामना भरविणारांचा, पाहणारांचा आणि आम्हां बोलक्या वडीलधाऱ्यांचाहि त्यांत वांटा आहे." ते बराच वेळ बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाच्या घरीं जाऊन आले. अलीकडे ते सामन्याच्या अर्धा तास आधीं जातात, हातांत फडकें असतें, आणि जमीन कोरडी झाल्याखेरीज चेंडू वर उडवीत नाहींत. मंडळी कुरकुरतात, असें ऐकतों.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या आखाड्यांच्या वह्या, जत्रांतील कुस्त्यांच्या याद्या, बक्षिसांचे कागद अनेक घरांच्या रुमालांत पडून आहेत. त्यांत कोणीं कुस्ती जिंकली तेवढेंच आपण टिपून घेतों. यापुढें जोड कोणीं लाविली, कुस्ती कोणीं सोडविली, आणि पडलेल्यास पाणी कोणीं दिलें, हेंहि पाहावें. तसा एखादा कागद ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याची नक्कल प्रसिद्ध केल्यास या विषयास पुराणांपलीकडचा आधार मिळेल.