फुप्फुसावरील शस्त्रक्रिया आणि वायुगळतीचा भार : एक ऐतिहासिक टिपण

भाषेच्या अभ्यासकास झाँ इतार हे नाव परिचित असते ते आव्हेराँच्या रानात सापडलेल्या व्हिक्टर या मुलास बोलते करण्याच्या त्याच्या प्रयत्नांमुळे. त्या प्रयत्नांचा पहिला वृत्तान्त १८०१ साली प्रसिद्ध झाला. याच इतारने १८०३ मध्ये छातीत साठणाऱ्या हवेवर प्रबंध लिहून त्या विकारास ‘न्यूमोथोरॅक्स’ हे नाव दिले, हे मात्र आपल्या क्षेत्रात फारसे ध्यानात घेतले जात नाही. ग्रीक भाषेत ‘न्यूमा’ म्हणजे वारा, श्वास. ‘थोरॅक्स’ म्हणजे मुळात उरावरील चिलखत व पुढे छाती. चिलखताच्या आत शिरलेला वारा, असा या शब्दाचा आशय होय. फुप्फुसावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा बव्हंशी या वाऱ्याशी झालेल्या झगड्याचाच इतिहास आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

फुप्फुस व छातीची भिंत यांमधील पोकळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणूनच फुप्फुस फुगलेले राहते. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस आक्रसते. या अडचणीवर तोड म्हणून १९०४ साली ब्रेस्लाउ येथे झाउअरब्रुखने रुग्णाचे डोके बाहेर ठेवून उरलेले शरीर व शस्त्रवैद्य यांना कमी दाबाच्या कोठडीत घेतले. पुढे श्वासनलिकेतूनच दाबाने हवा देण्याची रीत रूढ झाली व कोठडी मागे पडली.

छाती बंद केल्यावर आत उरलेल्या हवेचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याने सुटला नाही. त्याचे उत्तर पुवावरील उपचारातून आले. हँबर्गच्या ब्यूलाउने १८९१ साली वर्णिलेल्या पद्धतीत छातीतील नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडविलेले असे. आतले बाहेर येई, पण बाहेरची हवा आत जात नसे. या साध्या योजनेचे मोल पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कळले. अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत छातीत पू झालेल्या सैनिकांची छाती लवकर उघडली जाई व त्यांतील सुमारे ३० टक्के दगावत. एव्हर्ट्स ग्रॅहॅम ज्यात होते त्या आयोगाने बंदिस्त निचऱ्याचा आग्रह धरला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

याच ग्रॅहॅम यांनी १९३३ च्या एप्रिलमध्ये सेंट लुइस येथे कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस एकाच बैठकीत यशस्वीपणे काढले. रुग्ण स्वतः वैद्य होता. मागे उरणारी पोकळी लहान व्हावी म्हणून त्याच्या सात फासळ्याही काढण्यात आल्या. संपूर्ण फुप्फुस काढले तर गळती होण्यास श्वासनलिकेचे शिवलेले टोक तेवढे उरते. पुढे रोगग्रस्त खंडच काढून उरलेले फुप्फुस वाचविण्याचे कौशल्य आले. परंतु त्यासोबत कापलेला कच्चा पृष्ठभागही आला. त्यावरील सूक्ष्म वायुकोशांतून प्रत्येक श्वासागणिक हवा झिरपते. म्हणजे वायुगळतीचा हा भार शस्त्रक्रियेच्या अपयशातून नव्हे, तर तिच्या प्रगतीतून वाढला.

याचा कळस वातस्फीतीच्या रुग्णांत दिसतो. फुगून निकामी झालेले भाग कापण्याची ब्रँटिगन यांची कल्पना १९५० नंतरच्या दशकातील. मृत्यू अधिक झाल्याने ती मागे पडली. १९९० नंतर सेंट लुइस येथेच जोएल कूपर यांनी ती पुन्हा हाती घेतली व टाक्यांच्या रेषेस गुरांच्या हृदयावरणाच्या पट्ट्यांचा आधार दिला. तरीही अमेरिकेतील मोठ्या राष्ट्रीय चाचणीतील ५५२ रुग्णांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे ९० टक्के रुग्णांस गळती झाल्याचे दिसले. तिचा मध्यक काळ ७ दिवसांचा होता.

येथे शब्दांचा प्रश्न उभा राहतो. गळती ‘दीर्घकालीन’ केव्हा म्हणावयाची? कोणी ७ दिवस धरले. पुढे ५ दिवसांची मर्यादा अधिक रूढ झाली, कारण खंड काढल्यावर रुग्णालयातील अपेक्षित मुक्काम साधारण तेवढाच असे. ही सीमा फुप्फुसाने नव्हे, खाटेच्या हिशेबाने आखलेली आहे. पाचव्या दिवशी जिची गळती थांबली त्या रोग्याची गणना कोष्टकात होत नाही. परंतु नळीची वेदना, त्या वेदनेने अडखळणारा खोकला, हालचालीचा संकोच व त्यातून उद्भवणारा न्यूमोनिया किंवा पू यांचा धोका त्यासही भोगावा लागतो.

मोजमापाचीही हीच कथा. शतकभर गळतीचा पुरावा म्हणजे पाण्यातील बुडबुडे. एकास ते ‘थोडे’ वाटत, दुसऱ्यास ‘बरेच’. अलबामातील सर्फोलिओ यांनी बुडबुडे नुसत्या खोकल्यासरशी येतात, उच्छ्वासात येतात, श्वास घेताना येतात की अखंड येतात, अशी प्रतवारी केली. भाषाशास्त्रज्ञास ही रीत ओळखीची वाटेल, कारण ध्वनींचे वर्गीकरणही श्वासाच्या गतीवरूनच सुरू होते. नावे निश्चित होताच तुलना शक्य झाली. नळीस सतत ओढ लावणे हितकर, ही जुनी समजूत २००१ सालच्या चाचणीत डळमळली. अनेक रुग्णांत केवळ पाण्याचा रोध ठेवल्याने गळती लवकर थांबली. त्यानंतर आलेली अंकीय यंत्रे गळती मिनिटास किती मिलिलिटर हे सांगतात, आणि नळी काढण्याचा निर्णय नजरेच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही.

तात्पर्य, छातीतील हवेस इतारने नाव दिले, ब्यूलाउने वाट दिली आणि उत्तरकाळाने माप दिले. परंतु ‘किरकोळ उपद्रव’ या वर्णनाने जे झाकले जाते ते अद्याप पुरते मोजले गेलेले नाही. व्याख्या करणाऱ्याने रोग्याच्या दिवसांचा हिशेब प्रथम मांडावा, खाटांचा मागाहून.