शेऱ्याची दुसरी ओळ

दिवाळीत नातू पुण्याहून आला होता. माझ्याकडे एक जुनी वही आहे. 1974 ते 1976 या काळात आमच्या अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातल्या शाळेतून ज्या मुलांची नावं पटावरून कमी झाली, त्यांची कारणं मी तेव्हा दाखलखारीज रजिस्टरावरून उतरवून घेतली होती, मुलांची नावं न लिहिता. निवृत्तीनंतर ती संगणकावर टंकून ठेवली. नातू म्हणाला, "आबाजी, द्या इकडं, तक्ता करून देतो."

त्याच्या त्या ज्युपिटर नोटबुकात तक्ता उमटला खरा, पण एका रकान्यात एवढंच दिसलं: "सतत दोन महिने गैरहजर, सबब पटावरून नाव कमी." त्याच्यापुढं एक उलटी तिरकी रेघ, तिला चिकटून इंग्रजी 'एन' हे अक्षर, मग 'बाप' आणि तीन टिंबं. बस्स. "हा पोट्टा शाळा बुडवत असंन," नातू हसून म्हणाला. मला ते लागलं. कारण तो शेरा माझ्याच हातचा होता आणि खरी गोष्ट 'बाप'च्या पुढं होती.

रकाना ही चीज वऱ्हाडात तशी जुनीच. निजामानं 1853 च्या तहानं वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला. पुढं 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतांची मोजणी सुरू झाली आणि 1867 मध्ये खानेसुमारी झाली, म्हणजे साऱ्या हिंदुस्थानच्या 1881 च्या शिरगणतीच्या चौदा वर्षं आधी. जमीन, पीक, माणूस, जनावर, सगळ्यांना आखलेले रकाने मिळाले. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला आपल्याकडं आजही 'कोतवाल बुक' म्हणतात. जात पडताळणीसाठी तिची नक्कल काढायला तहसिलीत गेलेल्यांना ठाऊक आहे की तिथं पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली, रकाना काही बारशासाठी थांबत नाही.

पण हातानं लिहिणारा कारकून रकान्याला पुरून उरायचा. जागा संपली की खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ, मग तिसरी, तरीही नाही मावलं तर समासात आडवं. आम्ही मास्तरही तेच केलं. 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना जेमतेम अंगठ्याएवढा रुंद. पहिल्या ओळीत वरिष्ठांना चालेल असं कारण, दुसरीत खरं.

यंत्राला हे परवडणारं नव्हतं. हॉलेरिथनं 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत भोकं पाडलेली कार्डं वापरली. एका जागी एक भोक, म्हणजे एक गोष्ट. 1928 पासून आयबीएमचं कार्ड 80 उभ्या घरांचं झालं. एका घरात एक अक्षर, दुसरी ओळ नाहीच. 1979 चं व्हिजिकॅल्क आलं तेव्हा तक्ता पडद्यावर आला, पण सगळ्या रकान्यांची रुंदी एकच. नातू वापरतो ते 'पांडाज' वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये लिहायला घेतलं. त्याचा वारसा आकड्यांचा. आपण काही सांगितलं नाही तर ते एका घरात 50 चिन्हंच दाखवतं, त्यातली शेवटची तीन टिंबांची. शिवाय ओळ जिथं मोडली, तिथं ती न मोडता तिची खूण छापतं. तीच ती तिरकी रेघ आणि 'एन'.

त्यातही मराठीवर अन्याय आहे. तिथं काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरांचा, यंत्राला दहा चिन्हांचा. इंग्रजी शेऱ्याच्या मानानं आपला शेरा लवकर तुटतो, तो असा.

उपाय अवघड नव्हता. आधी त्यानं 50 ची मर्यादा काढली, तर सगळा मजकूर आला, पण तिरक्या रेघांसह एका दमात. मग तक्ता 'स्टाइल' या वाटेनं काढला. त्यात खूण गेली, पण ब्राउझरनं ओळमोडीच्या जागी नुसती कोरी जागा ठेवली. त्याची रीतच ती. शेवटी 'व्हाइट-स्पेस'ला 'प्री-रॅप' सांगितलं आणि मजकूर डावीकडे घेतला. मगच ओळी माझ्या वहीसारख्या एकीखाली एक बसल्या.

नातवानं वाचलं. बापानं बैलजोडीसाठी घेतलेलं कर्ज फिटलं नाही, म्हणून पोराला अखजीपासून दुसऱ्या गावी कास्तकाराकडं सालानं ठेवलं. पाटी-पुस्तक शाळेत परत आणून दिलं. गणित चांगलं.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं आधीची मोजणी पुसली. तिच्यात 'सतत गैरहजर' खाली एकोणीस मुलं होती. दुसऱ्या ओळी वाचत आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. सात पोरं सालानं गेलेली, चार मुलींच्या घरी तान्हं भावंडं, तिघांचे आईबाप कामासाठी गाव सोडून गेलेले. उरलेल्या पाचांपुढं दुसरी ओळ नव्हती. ती मी तेव्हा लिहिलीच नव्हती.