फ्रिजमधला ‘टक्’ : एका बंद घुमटाचा इतिहास

१/ फ्रिजचे दार उघडले की दिवा लागतो. मागून काही क्षण घुरघुर ऐकू येते, मग ‘टक्’ असा आवाज होतो आणि सारे शांत. काही मिनिटांनी पुन्हा तेच. घरोघरी याचा एकच अर्थ लावला जातो : ‘कॉम्प्रेसर गेला.’ हा निष्कर्ष अनेकदा घाईचा ठरतो. त्या ‘टक्’मागे शतकाहून मोठा इतिहास आहे आणि तो ठाऊक असेल तर दोष कोठे शोधावा हेही उमगते. #धागा

२/ १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचे जहाज अमेरिकेतील बोस्टनहून नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्यास पोहोचले. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, जेकब पर्किन्सने इंग्लंडमध्ये कृत्रिम शीतकरणाच्या यंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व असे : द्रवाचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते, ते बाष्प दाबून, उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव करावयाचे. दाबण्याचे काम करतो तो कॉम्प्रेसर. आजचा घरगुती फ्रिज याच चक्रावर चालतो.

३/ एकोणिसाव्या शतकात ही यंत्रे कारखान्यांत व मद्यनिर्मितीगृहांत राहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ती घरात शिरली. तेव्हा मोटर बाहेर असे आणि पट्ट्याने कॉम्प्रेसर फिरवी. फिरता दांडा जेथे आत शिरे, तेथील सील झिजे आणि वायू गळे. तो वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड किंवा अमोनिया. तिन्ही विषारी.

४/ हा धोका कागदी नव्हता. बर्लिनमधील एक कुटुंब फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने दगावल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन अस्वस्थ झाले, असे सांगितले जाते. १९२६ पासून त्यांनी तरुण भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्यासह हलते भाग नसलेल्या फ्रिजवर काम केले. दांडा नाही, सील नाही, म्हणून गळतीही नाही. १९३० मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले. परंतु हा फ्रिज बाजारात रुजला नाही.

५/ बाजाराने दुसरा मार्ग स्वीकारला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने ‘मॉनिटर टॉप’ हा फ्रिज आणला. त्याच्या डोक्यावरील गोल पेटीत मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकत्र, पोलादी कवचात कायमचे बंद केलेले होते. फिरता दांडा कवचाबाहेर येतच नव्हता. आपल्या फ्रिजच्या तळाशी मागे दिसणारा काळा घुमट हा त्याच कल्पनेचा वंशज होय.

६/ परंतु या सुरक्षिततेची एक किंमत होती. घुमटात काय बिघडले ते उघडून पाहण्याची सोय उरली नाही. शिवाय मोटर सुरू करून देणारा स्विच आत ठेवणे गैरसोयीचे झाले : ठिणगी पाडणारा, झिजणारा भाग तेल आणि वायूच्या बंद कोठडीत ठेवला तर दुरुस्त कसा करणार? म्हणून तो कवचाबाहेर, घुमटाच्या कडेला आला. आपल्या उपयोगाचा मुद्दा नेमका हाच.

७/ स्विच मुळात लागतो कशाला? १८८८ मध्ये गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राची मोटर जगापुढे मांडली. तिला एकाहून अधिक कलांची, म्हणजे फेजांची वीज लागते. घरात मात्र एकच फेज येते. एका फेजवर अशी मोटर फिरत राहू शकते, पण स्वतःहून फिरू लागत नाही. तिला पहिला धक्का द्यावा लागतो.

८/ तो धक्का देते दुसरी गुंडाळी, स्टार्ट वाइंडिंग. ती काही क्षणच जोडावयाची आणि मोटरने वेग घेताच तोडावयाची असते. जुन्या फ्रिजमध्ये हे काम रिले करी : आरंभीच्या मोठ्या प्रवाहाने त्यातील लोखंडी दांडी उचलली जाई, प्रवाह उतरताच खाली पडे. पुढे पीटीसी आली. ही एक सिरॅमिक चकती असते. थंड असताना वीज सहज जाऊ देते, तापली की जवळजवळ अडवते.

९/ शेजारीच ओव्हरलोड बसवलेला असतो. त्यातील दुधातूची पट्टी जास्त प्रवाहाने तापून वाकते आणि वीज तोडते. तो ‘टक्’ हाच. म्हणजे ‘टक्’ हा मोटरचा मृत्यू नसून तिला वाचवणाऱ्या पहारेकऱ्याचा आवाज आहे. तो एवढेच सांगतो : मोटरने सुरू होण्याचा प्रयत्न केला, पण ती फिरली नाही.

१०/ आता कारणे क्रमाने पाहू. पहिले कारण वीज. मोटरचा आरंभीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले तर जोर निम्म्याहूनही कमी होतो. अशा वेळी दोष फ्रिजमध्ये नसून खांबावरून येणाऱ्या तारेत असतो. भारतीय घरांत फ्रिजशेजारी स्टॅबिलायझर का बसला, याचे उत्तर या गणितात आहे.

११/ दुसरे कारण वेळ. वीज जाऊन लगेच आली तर घुमटापुढील दाब अद्याप उतरलेला नसतो आणि पीटीसीही तापलेलीच असते. मोटर अडते आणि ओव्हरलोड तुटतो. उपाय साधा : प्लग काढून किमान पाच ते दहा मिनिटे थांबावे. केशनलिकेतून दाब समान होतो, चकती निवते आणि पुष्कळदा फ्रिज आपोआप सुरू होतो.

१२/ तिसरे कारण तो बाहेरचा छोटा भाग. पीटीसी काढून कानाजवळ हलवावी. आत तुकडे खुळखुळले किंवा जळका वास आला तर ती फुटली आहे. कपॅसिटर असल्यास तोही तपासावा लागतो. हे भाग कॉम्प्रेसरच्या तुलनेने अगदी स्वस्त असतात. (प्लग काढल्याशिवाय हात लावू नये, कपॅसिटरमध्ये नंतरही वीज साठलेली राहते, म्हणून ते काम जाणकाराचे.)

१३/ आणि घुरघुरही नाही, ‘टक्’ही नाही, नुसता दिवा लागत असेल तर? मग वीज बहुधा मोटरपर्यंत पोहोचतच नाही. थर्मोस्टॅट, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधील डीफ्रॉस्ट टायमर, सुटलेली तार किंवा कायमचा तुटलेला ओव्हरलोड हे येथील संशयित. शांतता आणि ‘टक्’ ही दोन निरनिराळी लक्षणे आहेत. मेकॅनिकला फोन करताना कोणते ते अवश्य सांगावे.

१४/ घुमट खरोखर दोषी आहे का, हे त्याच्या तीन पिना सांगतात : कॉमन, स्टार्ट, रन. मल्टिमीटरने तीन जोड्यांचा रोध मोजावा. सर्वांत मोठे माप हे उरलेल्या दोन मापांची बेरीज असावयास हवे. एखादी जोडी तुटलेली दाखवली किंवा कोणतीही पिन घुमटाच्या धातूशी जुळलेली आढळली, तर मोटर गेली. मापे बरोबर, व्होल्टेज बरोबर, नवी पीटीसी, आणि तरीही ‘टक्’? मग आतला यांत्रिक भाग अडकला आहे. ‘कॉम्प्रेसर गेला’ हे वाक्य या पायरीवर म्हणावे, त्याआधी नाही.

१५/ घुमटातील वायूलाही इतिहास आहे. विषारी वायूंना पर्याय म्हणून थॉमस मिजली यांच्या चमूने फ्रेऑन शोधला. १९३० मध्ये मिजली यांनी तो जाहीर सभेत हुंगून मेणबत्तीवर फुंकला आणि ती विझवली. विषारी नाही, ज्वालाग्राहीही नाही! १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी दाखवले की हे वायू ओझोन थराचा नाश करतात. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. आज अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही आहे. म्हणून वायूच्या नळ्या घरी कापू नयेत.

१६/ नव्या इन्व्हर्टर फ्रिजना वरील पिनांची कसोटी लागू पडत नाही. त्यांत एका फेजची वीज इलेक्ट्रॉनिक पाटीवर बदलून मोटरला तीन फेज पुरवले जातात. स्टार्ट वाइंडिंगही नाही आणि पीटीसीही नाही. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा येतो. १८८८ ची बहुकला मोटर शतकानंतर स्वयंपाकघरात आली ती अशी. तेथे फ्रिज सुरू न झाल्यास पाटीही तपासून घ्यावी.

१७/ भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज मुंबईच्या गोदरेजने १९५८ मध्ये आणला. त्यानंतरच्या पिढ्यांतील एखादा फ्रिज तुमच्या घरी असेल तर त्याच्या मागची पाटी वाचा. आर-१२ लिहिले असेल तर तो फ्रेऑनच्या काळातला. आर-१३४ए असेल तर मॉन्ट्रियलनंतरच्या संक्रमणातला. आर-६००ए असेल तर अलीकडचा. प्रत्येक घरात असा एक दस्तऐवज उभा असतो. तुमच्या पाटीवर काय लिहिले आहे, ते खाली जरूर कळवा.