ओकच्या पिंपात मुरणारी वाइन

द्राक्षे तीच, बाग तीच. तरीही एक वाइन ताज्या फळासारखी लागते, तर दुसरी व्हॅनिला, लवंग किंवा कॉफीची आठवण करून देते. हा फरक पुष्कळदा ओकच्या पिंपामुळे पडतो.

लाकूड वाइनला स्वाद देते, ही पहिली गोष्ट. पिंप बांधताना त्याची आतील बाजू विस्तवावर भाजतात. या उष्णतेने लाकडातील घटकांचे विघटन होऊन व्हॅनिलिनसारखी सुगंधी द्रव्ये तयार होतात. पिंप जास्त भाजले, तर धुरकट, कॉफीसारखा स्वाद उतरतो. लाकडाची जातही महत्त्वाची. अमेरिकी पांढऱ्या ओकमुळे ओल्या खोबऱ्याचा गोडसर गंध येतो. फ्रेंच ओकचा परिणाम अधिक संयत व मसालेदार असतो.

दुसरी गोष्ट हवेची. फळ्या आणि सांध्यांतून अत्यल्प ऑक्सिजन आत झिरपतो. त्यामुळे रेड वाइनमधील टॅनिनचा बोचरा तुरटपणा निवतो आणि रंग स्थिरावतो. थोडी वाइन उडूनही जाते. म्हणून पिंप वेळोवेळी काठोकाठ भरावे लागते.

फ्रान्समधील बोर्डोचे पारंपरिक पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ३०० बाटल्यांचे असते. नव्या पिंपाचा स्वाद सर्वांत तीव्र. तीन-चार वापरांनंतर तो बहुतांशी ओसरतो. महागडी पिंपे वारंवार बदलावी लागत असल्याने वाइनची किंमतही चढते. स्पेनच्या रिओहा प्रांतात तर मुरवण्याचा काळ नियमानेच ठरलेला आहे. तेथील 'ग्रान रेसेर्वा' रेड वाइन किमान ५ वर्षे मुरवावी लागते व त्यांपैकी किमान २ वर्षे ती ओकच्या पिंपात असावी लागते.

खर्च वाचवण्यासाठी काही उत्पादक पोलादी टाकीत ओकचे तुकडे टाकतात. युरोपीय संघाने २००६ मध्ये या पद्धतीस परवानगी दिली. तुकड्यांतून स्वाद मिळतो. पण पिंपातून संथपणे होणारा हवेचा संस्कार केवळ त्यांनी साधत नाही.

मात्र ओक म्हणजे उत्तम वाइन, असे समीकरण नाही. फ्रान्समधील शाब्लीची बरीचशी व्हाइट वाइन पोलादी टाकीतच तयार होते आणि तिचा ताजेपणा हेच तिचे वैशिष्ट्य मानले जाते. द्राक्षाचा मूळ स्वाद दुबळा असेल, तर ओक त्याला झाकून टाकतो. नाशिक परिसरातील वाइनरीही निवडक रेड वाइन पिंपात मुरवतात. अशी बाटली घेताना लेबलवर केवळ 'ओक' लिहिले आहे, की पिंपाचा व कालावधीचा स्पष्ट उल्लेख आहे, हे पाहणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.